साठ हजारांत गेमिंग संगणक : कोणते भाग घ्यावेत आणि काटकसर नेमकी कुठे करावी?

केळीचे_पान | ११ मे २०२५

नमस्कार. मी जळगावला राहतो. मुलीचा बारावीचा निकाल गेल्या आठवड्यात लागला आणि दोन वर्षांपूर्वी तिला दिलेला संगणकाचा शब्द आता पाळायचा आहे. पुढचे शिक्षण ती घरी राहूनच घेणार असल्यामुळे लॅपटॉपची निकड नाही. मैत्रिणींबरोबर व्हॅलोरंट खेळणे, 'रेड डेड रिडेम्पशन २' हा खेळ सुरुवातीपासून शेवटपर्यंत खेळणे आणि ब्लेंडरवर त्रिमितीय चित्रे करायला शिकणे, अशा तिच्या तीन इच्छा आहेत. माझी तयारी मॉनिटर धरून साठ हजार रुपयांची आहे. कीबोर्ड आणि माऊस घरात आहेत.

एका दुकानातून मिळालेले कोटेशन जसेच्या तसे देतो : 'आय सेव्हन प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ५०० जीबी एसएसडी, ४ जीबी ग्राफिक्स कार्ड, ५०० वॅट एसएमपीएस, सहा पंख्यांचे रंगीत दिव्यांचे कॅबिनेट, २२ इंची मॉनिटर. एकूण ५४,०००. पक्के बिल हवे असल्यास जीएसटी वेगळा.'

आकडे ऐकायला भरघोस वाटतात, पण मुलीचे समाधान झालेले नाही. हे घ्यावे का? नसल्यास काय घ्यावे?

रात्रपाळी | ११ मे २०२५

आय सेव्हन कोणत्या पिढीचा, हे विचारल्याशिवाय एक रुपयाही आगाऊ देऊ नका. ग्राफिक्स कार्डाचे आणि एसएमपीएसचे (सर्व भागांना वीज पुरवणाऱ्या डब्याचे) पूर्ण नावही लिहून मागा.

केळीचे_पान | १२ मे २०२५

आज पुन्हा जाऊन आलो. प्रोसेसर ३७७० आहे आणि कार्ड जीटी ७३० आहे. एसएमपीएसचे नाव विचारल्यावर 'कॅबिनेटबरोबरच येतो' असे उत्तर मिळाले.

वाटसरू_सह्याद्रीचा | १२ मे २०२५

मुलीला वाटलेली शंका अगदी रास्त आहे. कोअर आय सेव्हन ३७७० हा प्रोसेसर २०१२ सालचा आहे. त्याच्या काळात तो उत्तम होता, याबद्दल वाद नाही. परंतु आज मिळणारा कोअर आय थ्री १२१००एफ हा ३७७० इतकेच, म्हणजे चार कोअर आणि आठ थ्रेड असलेला असूनही त्याला सहज मागे टाकतो, कारण मधल्या दहा वर्षांत प्रत्येक कोअर एका फेरीत किती काम उरकतो यातच मोठा फरक पडला आहे. जीटी ७३० हे कार्ड २०१४ सालचे असून त्यावरची ४ जीबी मेमरी बहुतेक वेळा जुन्या डीडीआर३ प्रकारची असते. कार्डावर मेमरी किती आहे हा साठवणीचा हिशेब आहे. कार्ड चित्र किती वेगाने रंगवते हे त्यावरून कळत नाही. विहीर कितीही मोठी असली तरी मोटर अर्ध्या अश्वशक्तीची असेल तर पाणी तेवढ्याच धारेने येणार.

याहून मोठी अडचण पुढे आहे. विंडोज १० ला मिळणारा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपणार आहे, आणि तिसऱ्या पिढीचा हा प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत बसत नाही. व्हॅलोरंटची फसवणूक-विरोधी यंत्रणा विंडोज ११ वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या सुरक्षेच्या दोन्ही गोष्टी चालू असल्याशिवाय खेळच सुरू करू देत नाही. म्हणजे ५४ हजार मोजून तुमच्या मुलीची पहिलीच इच्छा पाच महिन्यांत अडचणीत येईल. हे कोटेशन सोडून द्या.

शब्दवेल | १३ मे २०२५

काका, वरचे सर्व मान्य आहे, परंतु निवड प्रोसेसरपासून सुरू करण्याची आपली सर्वांची सवय मला चुकीची वाटते. सुरुवात पडद्यापासून करावी. तुमच्या मुलीने कोणत्या आकाराच्या, किती बिंदूंच्या आणि किती हर्ट्झच्या (म्हणजे सेकंदाला किती वेळा चित्र बदलणाऱ्या) पडद्यावर खेळायचे हे आधी ठरवले की कार्ड ठरते, कार्ड ठरले की प्रोसेसर ठरतो आणि दोन्ही ठरले की एसएमपीएस ठरतो. २४ इंची, १९२० गुणिले १०८० बिंदूंचा, आयपीएस पॅनेलचा आणि १४४ हर्ट्झचा मॉनिटर या रकमेत बसतो. व्हॅलोरंटसारख्या खेळात १४४ हर्ट्झचा फरक पहिल्या दिवशी डोळ्यांना जाणवतो. मॉनिटर एकापाठोपाठ दोन संगणकांना पुरतो, तेव्हा त्यात हजार रुपये अधिक गेले तरी ते वाया जात नाहीत.

दोन खेळांच्या गरजा वेगवेगळ्या आहेत, हेही ध्यानात घ्या. व्हॅलोरंटचा भार प्रामुख्याने प्रोसेसरवर पडतो आणि ते साध्या कार्डावरही उत्तम चालते. रेड डेड रिडेम्पशन मात्र कार्डाची खरी परीक्षा घेते आणि शिवाय १५० जीबी जागा मागते. विंडोज, तो एक खेळ आणि ब्लेंडरच्या फायली एवढ्यात ५०० जीबीची एसएसडी भरत आली म्हणून समजा. शक्य असल्यास १ टीबीची एनव्हीएमई (अधिक वेगवान प्रकारची एसएसडी) घ्या.

पंचगंगा_काठ | १३ मे २०२५

माझी शिफारस : रायझन ५ ५६००, बी४५० किंवा बी५५० मदरबोर्ड, ८ जीबीच्या दोन रॅम आणि आरएक्स ६६०० कार्ड. साठ हजारांत १०८० साठी याहून जास्त फ्रेम्स देणारी नवी जुळणी मला तरी ठाऊक नाही. आरएक्स ६६०० अवघे १३२ वॅट घेते, त्यामुळे ५५० वॅटचा चांगला एसएमपीएस तिला निवांत पुरतो.

रॅमबद्दल एक विनंती. १६ जीबीची एकच पट्टी घेऊ नका. दोन पट्ट्या असल्या की प्रोसेसर दोन्हींशी एकाच वेळी देवाणघेवाण करतो आणि खेळात त्याचा लाभ स्पष्ट दिसतो, विशेषतः अचानक बसणारे झटके कमी होतात. 'पुढे वाढवता येईल' म्हणून दुकानदार एक पट्टी देऊ पाहतात. चार खाचांचा मदरबोर्ड घेतल्यास दोन पट्ट्या लावूनही पुढे वाढवण्याची सोय राहतेच.

तांबडी_माती | १३ मे २०२५

पंचगंगा यांच्या जुळणीत एक पर्याय सुचवतो. आता रायझन ५ ५६००जी घ्यावा. त्यात अंगचे ग्राफिक्स असल्यामुळे कार्डाशिवाय संगणक सुरू होतो, व्हॅलोरंटही चालते. कार्ड दिवाळीत घ्यावे. एका दमात साठ हजार खर्च करण्याची गरज काय?

पंचगंगा_काठ | १४ मे २०२५

@तांबडी_माती, ज्याच्या हातात आज पस्तीस हजारच आहेत त्याच्यासाठी हा मार्ग योग्य आहे. काकांकडे पूर्ण रक्कम तयार आहे, आणि ५६००जी घेतल्यास ते कायमचे काही गमावतील. साध्या ५६०० मध्ये एल३ कॅशे (प्रोसेसरच्या आतली वेगवान मेमरी) ३२ एमबी आहे, जी मध्ये ती निम्मी, म्हणजे १६ एमबी आहे. शिवाय जी मध्ये पीसीआय एक्स्प्रेसची (कार्ड आणि प्रोसेसर यांना जोडणाऱ्या मार्गाची) चौथी आवृत्ती नाही. कार्ड लावल्यावर अंगचे ग्राफिक्स निरुपयोगी होते आणि कमी कॅशेचा तोटा मात्र संगणक असेपर्यंत सोबत राहतो.

रात्रपाळी | १४ मे २०२५

एएम४ हे सॉकेट (५६०० ज्या खाचेत बसतो ती) आता उताराला लागले आहे. आज नवीन संगणक बांधायचा तर एएम५ वर बांधावा, असे माझे मत आहे. त्याला २०२७ पर्यंत आणि त्यापुढेही आधार देण्याचे एएमडीने जाहीर केले आहे. आज रायझन ५ ७६०० घेतला तर चार वर्षांनी मदरबोर्ड न बदलता नवा प्रोसेसर बसवता येईल.

वाटसरू_सह्याद्रीचा | १४ मे २०२५

रात्रपाळी, सॉकेटच्या आयुष्याचे महत्त्व मी अनुभवाने मानतो. २०१९ मध्ये मी बी४५० मदरबोर्डवर रायझन ५ २६०० घेतला होता आणि त्याच मदरबोर्डवर २०२३ मध्ये बायोस (मदरबोर्डमधले मूळ सॉफ्टवेअर) अद्ययावत करून ५६०० बसवला. बाकी काहीच बदलावे लागले नाही. परंतु एएम५ वर केवळ डीडीआर५ रॅम चालते आणि मदरबोर्डही महाग पडतो. साठ हजारांच्या मर्यादेत हा फरक शेवटी ग्राफिक्स कार्डातून कापावा लागतो. चार वर्षांनी होणाऱ्या सोयीसाठी पहिल्या दिवसापासून दुबळे कार्ड वापरणे मला पटत नाही. रक्कम ऐंशी हजार असती, तर मीही एएम५ च सुचवला असता.

बायोसचा उल्लेख आलाच आहे, तर काकांनी एक खबरदारी घ्यावी. ५६०० हा प्रोसेसर एप्रिल २०२२ मध्ये आला, आणि दुकानात पडून असलेला जुना बी४५० मदरबोर्ड त्याला ओळखेलच असे नाही. बायोस अद्ययावत करूनच मदरबोर्ड देण्यास दुकानदाराला सांगा.

आकृतीबंध | १५ मे २०२५

मी पुण्यात वास्तुविशारदांसाठी ब्लेंडरवर काम करते, म्हणून कार्डाच्या निवडीबाबत वेगळे मत मांडते. केवळ खेळण्यासाठी आरएक्स ६६०० ला माझा विरोध नाही. परंतु मुलीला ब्लेंडर शिकायचे आहे आणि त्यातील सायकल्स या चित्रणप्रणालीत एनव्हिडियाची आरटीएक्स कार्डे त्यांच्या ऑप्टिक्स या तंत्राच्या साहाय्याने एएमडीच्या बरोबरीच्या कार्डांना बरेच मागे टाकतात. शिकणारा माणूस दिवसातून वीस वेळा चित्र काढून पाहतो, प्रकाश थोडा सरकवतो, पुन्हा काढतो. प्रत्येक वेळी चार मिनिटांऐवजी दीड मिनिट लागले, तर त्याच संध्याकाळी तो दुप्पट प्रयोग करतो. म्हणून आरटीएक्स ३०६० ची १२ जीबीची आवृत्ती पाहावी. खेळांत ती आरएक्स ६६०० च्या जवळपासच आहे, आणि १२ जीबी मेमरी ब्लेंडरमधील मोठ्या दृश्यांना खरोखर उपयोगी पडते.

एक सावधगिरी मात्र घ्या. आरटीएक्स ३०५० स्वस्त मिळते म्हणून तिकडे वळू नका. त्या एकाच नावाने ८ जीबी आणि ६ जीबी अशी दोन कार्डे विकली जातात, आणि ६ जीबीच्या कार्डात मेमरीबरोबर कोअर्सही कमी आहेत.

तांबडी_माती | १५ मे २०२५

३०६० वापरलेली घेतली तर? माझ्या भाच्याने मुंबईत लॅमिंग्टन रोडवरून वापरलेले कार्ड घेतले, दोन वर्षे उत्तम चालले आहे.

रात्रपाळी | १५ मे २०२५

सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाचे ग्राफिक्स कार्डांवर होणारे मायनिंग बंद झाल्यावर अशी कार्डे बाजारात मोठ्या प्रमाणावर आली. ती सगळीच वाईट असतात असे नाही. घ्यायचेच असेल, तर समोर किमान अर्धा तास भाराखाली चालवून पाहावे, पंख्याची पाती बोटाने हलवून ती खिळखिळी झाली आहेत का ते तपासावे, आणि कार्डावरील अनुक्रमांक व मूळ बिल दोन्ही जुळत असतील तरच पैसे द्यावेत. काका जळगावला आहेत. काही बिघडल्यास पुन्हा मुंबईची वारी करावी लागेल, त्यामुळे त्यांनी नवीनच घ्यावे.

शब्दवेल | १६ मे २०२५

बिलाचा विषय निघाला म्हणून सांगते. 'पक्के बिल हवे असल्यास जीएसटी वेगळा' हे वाक्य मला या कोटेशनमधले सर्वांत वाईट वाक्य वाटले. १८ टक्के कर वाचवल्याचा आनंद पहिला भाग बिघडेपर्यंतच टिकतो. बिलावर प्रत्येक भागाचे पूर्ण नाव आणि अनुक्रमांक असलाच पाहिजे.

डेपो_क्रमांक_३ | १७ मे २०२५

एवढा वेळ वाचत होतो, परंतु ज्या भागामुळे घरात जाळ होऊ शकतो त्याबद्दल कोणी सविस्तर लिहिले नाही, म्हणून लिहितो. माझा व्यवसाय विद्युत दुरुस्तीचा आहे.

कॅबिनेटबरोबर येणारा एसएमपीएस कधीही वापरू नये. त्याच्या बाजूला चिकटवलेला तक्ता पाहा. वर मोठ्या अक्षरात ५०० वॅट लिहिलेले असते, पण १२ व्होल्टच्या रकान्यात कित्येकदा १८ अँपिअर इतकाच आकडा असतो. १२ गुणिले १८ म्हणजे २१६ वॅट. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड हे दोन्ही मोठे भाग १२ व्होल्टवरच चालतात, त्यामुळे तुमच्या कामाची खरी शक्ती तेवढीच. चांगल्या ५५० वॅटच्या एसएमपीएसवर त्याच रकान्यात ४५ अँपिअरच्या आसपास आकडा दिसेल. एटी प्लस (८० प्लस) ब्रॉन्झ ही खूण वीज किती वाया जाते याची आहे. ती सुरक्षिततेची हमी नव्हे, तरी ती नसलेला माल मी तरी घेणार नाही.

दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे एक संगणक आला होता. कार्डासाठी लागणारी आठ पिनांची वायर त्या एसएमपीएसला नव्हती, म्हणून जोडणाऱ्याने जुन्या हार्ड डिस्कच्या चार पिनांच्या वायरींना जोड लावून काम भागवले होते. त्या जोडाचे पांढरे प्लास्टिक तपकिरी होऊन पिनेला चिकटले होते आणि पक्कडीने ओढल्यावर पिनच हातात आली. मुलगा खेळत असताना वास आला म्हणून त्याच्या आईने मेन स्विच बंद केला, नाहीतर अनर्थ झाला असता. अशी जोड-वायर कोणी देऊ लागला तर तिथून निघून या.

दुसरी बाब अर्थिंगची. एसएमपीएसच्या तोंडाशी असलेले कपॅसिटर गळतीचा सूक्ष्म प्रवाह अर्थकडे सोडतात. अर्थ नसेल तर तो कॅबिनेटच्या पत्र्यावर थांबतो आणि हात लावल्यावर मुंग्या येतात. जुन्या घरांत तीन पिनांचे सॉकेट असते पण मागे अर्थची वायरच जोडलेली नसते. संगणक घरी आणण्याआधी हे तपासून घ्या. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅट देतो. खेळ चालू असताना तो दहा मिनिटेही पुरणार नाही, परंतु काम जतन करून संगणक नीट बंद करण्याइतका अवधी त्यातून मिळतो.

तापी_पूर्णा | १८ मे २०२५

भुसावळहून लिहीत आहे, म्हणजे काकांची शेजारीणच. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४४-४५ ला जातो, त्याचा विचार कॅबिनेट निवडताना करा. आतला पंखा खोलीतील हवाच आत ओढतो. खोली जितकी तापेल तितके कार्डही तापेल आणि एका मर्यादेनंतर ते स्वतःचा वेग कमी करून घेईल. समोर काच असलेले कॅबिनेट दिसायला देखणे असते, पण हवा आत शिरायला त्याला फट तेवढी असते. समोर जाळी असलेले, दोन पंखे पुढे आणि एक मागे असे साधे कॅबिनेट घ्या. सहा रंगीत पंख्यांचे पैसे एसएमपीएसमध्ये घाला. आणि पाण्याच्या कूलरच्या थेट झोतात कॅबिनेट ठेवू नका, कारण ती हवा गार असली तरी दमट असते आणि तिच्याबरोबर आलेली धूळ आत लेपासारखी बसते.

मिठागर | १८ मे २०२५

एवढा खटाटोप करण्यापेक्षा तेवढ्याच पैशांत गेमिंग लॅपटॉप मिळतो.

आकृतीबंध | १८ मे २०२५

मिळतो, आणि वसतिगृहात राहणाऱ्या मुलीला मी तोच सुचवला असता. इथे मुलगी घरी राहणार आहे. लॅपटॉपमधील कार्ड पुढे बदलता येत नाही आणि जळगावच्या उन्हाळ्यात तेवढ्याशा जागेत त्याची उष्णता बाहेर टाकणे अवघड जाते. त्यांच्यासाठी डेस्कटॉपच योग्य.

केळीचे_पान | ८ जून २०२५

आपणा सर्वांच्या सल्ल्याने खरेदी झाली. रायझन ५ ५६००, बी४५० मदरबोर्ड (बायोस दुकानातच अद्ययावत करून घेतला), ३२०० वेगाच्या ८ जीबीच्या दोन रॅम, १ टीबीची एनव्हीएमई, आरटीएक्स ३०६० ची १२ जीबीची आवृत्ती, ५५० वॅटचा ब्रॉन्झ एसएमपीएस, जाळीचे कॅबिनेट आणि २४ इंची १४४ हर्ट्झचा मॉनिटर. पक्क्या बिलासह ६३,२०० रुपये झाले. वरचे तीन हजार मी आनंदाने घातले. डेपो यांनी सांगितल्याप्रमाणे सॉकेट उघडून पाहिले, तर अर्थची हिरवी वायर मागे तशीच मोकळी लोंबकळत होती. ती आधी जोडून घेतली.

जोडणी मुलीने स्वतः केली. प्रोसेसरच्या कोपऱ्यावरचा सोनेरी त्रिकोण सॉकेटवरच्या त्रिकोणाशी जुळवून तिने तो नुसता ठेवला आणि तो आपल्या वजनाने खाली बसला, तो क्षण मी जवळून पाहिला. परंतु पहिल्यांदा चालू केल्यावर पंखे फिरत होते आणि पडदा काळाच राहिला. तासभर आम्ही दोघे हवालदिल होतो. मॉनिटरची वायर मदरबोर्डला लावली होती. ५६०० मध्ये अंगचे ग्राफिक्सच नसल्यामुळे ते छिद्र मुके आहे, हे तिलाच आठवले. वायर कार्डाला लावताच चित्र आले.

पंचगंगा_काठ | ८ जून २०२५

मनापासून अभिनंदन! आता दोन गोष्टी आजच तपासा. टास्क मॅनेजरमध्ये रॅमचा वेग पाहा. तो २४०० किंवा २६६६ दिसत असेल, तर बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी (रॅमला तिचा पूर्ण वेग देणारी सोय) चालू करावे लागेल, तोपर्यंत ३२०० चे पैसे देऊनही तो वेग मिळत नाही. तसेच डिस्प्लेच्या प्रगत सेटिंगमध्ये मॉनिटर १४४ हर्ट्झवर आहे का ते पाहा. विंडोज बहुधा ६० वरच ठेवते.

केळीचे_पान | ९ जून २०२५

दोन्ही तसेच निघाले : रॅम २४०० वर आणि मॉनिटर ६० वर. मुलीने दोन्ही बदलले. माऊसचा बाण नुसता इकडून तिकडे फिरवून तिने 'बाबा, हे बघा' म्हटले आणि खेळ न खेळणाऱ्या मलाही तो फरक दिसला. खोलीत ३९ अंश असताना दोन तासांच्या खेळानंतर कार्डाचे तापमान ७६ अंश होते. हे ठीक आहे ना? आणि धूळ कशी काढावी?

तापी_पूर्णा | ९ जून २०२५

७६ अंश अगदी ठीक आहे. दोन महिन्यांतून एकदा जाळी काढून झटका आणि आत ब्लोअर मारा, मात्र पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा, कारण झोताने ती गरागरा फिरली तर बेअरिंग खराब होते.

वाटसरू_सह्याद्रीचा | ९ जून २०२५

त्यात एक भर घालतो. पुढे कधी प्रोसेसरचा कूलर काढायची वेळ आली, तर आधी संगणक दहा मिनिटे चालवून तो गरम होऊ द्या, मग बंद करून, वायर काढून, स्क्रू सैल केल्यावर कूलर डावी-उजवीकडे हलकेच पिरगाळत सोडवा. एएम४ मध्ये पिना प्रोसेसरलाच असतात, आणि सुकलेल्या थर्मल पेस्टमुळे कूलर सरळ वर ओढल्यास प्रोसेसर सॉकेटमधून उपटून त्याच्याबरोबर येतो. माझ्या २६०० च्या सात पिना अशाच वाकल्या होत्या. त्या सुईच्या टोकाने एकेक सरळ करायला मला एक पूर्ण रविवार लागला.